चित्र भिंतीवर, चित्रकार गायब: जॉर्ज द ला तूर तीनशे वर्षांनी सापडला कसा?

एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे. बाळ कापडात घट्ट गुंडाळलेलं आहे, गाढ झोपलंय. शेजारी दुसरी बाई बसली आहे. तिच्या हातात मेणबत्ती आहे आणि दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केलाय. आपल्याला ज्योत दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. तो उजेड बाळाच्या कपाळावर आणि आईच्या लाल झग्यावर पडलाय. बाकी सगळा अंधार. चित्रात इतकंच आहे.

हे चित्र फ्रान्समधल्या रेन शहराच्या संग्रहालयात आहे. लोक त्याला 'नवजात बाळ' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातही लोक ते बघायला यायचे, त्याचं कौतुक करायचे. पण तेव्हा चित्राच्या खाली दुसऱ्याच चित्रकाराचं नाव होतं. ज्याने ते काढलं, त्याचं नाव जगाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

त्याचं नाव जॉर्ज द ला तूर. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅरिसच्या झाकमार-आंद्रे संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन सुरू झालं आणि हेच 'नवजात बाळ' त्याच्या पोस्टरवर होतं. फ्रान्समध्ये त्याचं एवढं मोठं प्रदर्शन भरलं ते थेट १९९७ नंतर. आज त्याची म्हणून ओळख पटलेली चित्रं जगभरात मिळून चाळीसच्या आसपास आहेत. त्यामुळे तीसेक कलाकृती एका छताखाली येणं ही मोठीच गोष्ट.

आपल्याकडे फ्रेंच चित्रकार म्हटलं की मोने, देगा, फार तर माटिस ही नावं आठवतात. ला तूरचं नाव ऐकलेले कमीच. मग हा माणूस कोण होता? एवढा भारी चित्रकार जगाच्या आठवणीतून गेला कसा? आणि शे-सव्वाशे वर्षांपूर्वी तो सापडला तरी कसा?

बेकरीवाल्याचा मुलगा

जॉर्जचा जन्म १५९३ सालचा. गाव विक-सुर-सेय. वडील पाव भाजायचे. हा भाग म्हणजे लोरेन. आज तो फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा लोरेनचं वेगळं संस्थान होतं आणि तिथे ड्यूकची सत्ता चालायची.

पोरगा चित्रकला कुणाकडे शिकला, याची कागदोपत्री नोंद सापडत नाही. १६१७ मध्ये त्याने दियान ल नेर्फ हिच्याशी लग्न केलं. तिचं घराणं सरदारी वळणाचं, पैसेवालं. १६२० मध्ये हे जोडपं तिच्या गावी, म्हणजे ल्युनेव्हिलला राहायला गेलं. तिथे जाताना जॉर्जने ड्यूककडे अर्ज केला: मला करमाफी द्या. आणि ती मिळवलीसुद्धा.

पुढे धंदा चांगला चालला. ड्यूकच्या दरबारातून कामं मिळाली. १६३९ मध्ये तो पॅरिसमध्ये होता आणि त्याला 'राजाचा चित्रकार' हा किताब मिळालेला होता. राजा तेरावा लुई. अठराव्या शतकातल्या एका लेखकाने लिहून ठेवलेली आख्यायिका अशी, की ला तूरचं संत सेबास्टियनचं चित्र राजाला इतकं आवडलं, की त्याने खोलीतली बाकीची सगळी चित्रं काढून टाकायला लावली.

म्हणजे हा कुठल्या तरी कोपऱ्यात उपाशी मेलेला कलाकार नव्हता. हयात असताना त्याच्याकडे पैसा, मान, गिऱ्हाईक सगळं होतं.

मग विसरले कसे?

याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. बऱ्याच गोष्टी एकावर एक आल्या.

पहिली गोष्ट युद्ध. युरोपात १६१८ ते १६४८ या काळात तीस वर्षांचं युद्ध चाललं. लोरेन त्यात अक्षरशः चिरडलं गेलं. १६३० च्या दशकात प्लेग आला, दुष्काळ आला, वेगवेगळी सैन्यं येऊन लुटून गेली. या प्रदेशातली निम्म्याहून जास्त माणसं मेली किंवा परागंदा झाली. सप्टेंबर १६३८ मध्ये ल्युनेव्हिल लुटलं गेलं आणि जाळलं गेलं. चर्च, वाडे, घरं गेली, म्हणजे त्यांच्या भिंतींवर जे काही होतं तेही गेलं.

दुसरी गोष्ट आवडीनिवडी. ला तूर १६५२ च्या जानेवारीत गेला. त्याची बायको त्याच्या दोन आठवडे आधी गेली होती. त्यानंतर फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा जमाना आला. भव्य महाल, सोनेरी चौकटी, देवदेवतांची झगमगती चित्रं. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती धरून बसलेली साधी माणसं कुणाला हवी होती?

तिसरी गोष्ट घरची. मुलगा एत्येन बापाच्या हाताखाली चित्रकला शिकला, पण पुढे त्याने ब्रश ठेवून दिला आणि १६७० मध्ये सरदारकी मिळवली. नाव पुढे चालवणारं कुणी उरलं नाही.

चौथी गोष्ट तर अगदीच साधी. त्याने खूप कमी चित्रांवर सही केली, आणि तारीख तर त्याहून कमी चित्रांवर घातली. त्यात अठराव्या शतकात मोरिस कांतां द ला तूर नावाचा दुसराच चित्रकार गाजला. 'ला तूर' म्हटलं की लोकांना तोच आठवायला लागला.

चित्रं मात्र सगळी नष्ट झाली नव्हती. काही चर्चमध्ये, काही घरांमध्ये, काही संग्रहालयांमध्ये टिकून होती. लोक त्यांच्यासमोर उभे राहत होते. फक्त खाली पाटी दुसऱ्याची होती. रेनचं बाळ ल नँ या चित्रकारांच्या नावावर होतं. नांत शहराच्या संग्रहालयात ला तूरने काढलेला एक आंधळा भिकारी वादक आहे. मांडीवर वाद्य, तोंड उघडं, तो गातोय. वाद्यावर एक माशी बसलीये. हे चित्र इतकं रोखठोक आहे, की जाणकारांना ते स्पॅनिश वाटायचं. कुणी म्हणायचं मुरिल्यो, कुणी वेलाझकेझ, कुणी झुर्बारान. लोरेनच्या बेकरीवाल्याच्या पोराचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

एक छोटा लेख आणि तीन चित्रं

१८६३ मध्ये अलेक्सांद्र जोली नावाच्या वास्तुरचनाकाराने जुन्या दप्तरांतून ला तूरच्या आयुष्याबद्दलच्या नोंदी शोधून छापल्या. म्हणजे माणूस कागदावर सापडला, पण त्याची चित्रं कुठली हे कुणाला सांगता येईना.

ती गाठ बांधली हेरमान फॉस या जर्मन कला-इतिहासकाराने. साल १९१५. पहिलं महायुद्ध सुरू होतं, फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांवर तोफा डागत होते. त्या वर्षी फॉसचा एक छोटा लेख आला. त्याचं म्हणणं साधं होतं: नांतच्या संग्रहालयात दोन चित्रांवर 'ला तूर' अशी सही आहे. एका चित्रात झोपलेल्या म्हाताऱ्या जोसेफजवळ देवदूत आलाय, दुसऱ्यात संत पीटर येशूला ओळखत नसल्याचं सांगतोय. ही दोन चित्रं आणि रेनचं 'नवजात बाळ' एकाच हातची आहेत. आणि हा ला तूर म्हणजे कागदपत्रांमधला ल्युनेव्हिलचा जॉर्ज.

तीन चित्रं. तिथून पुन्हा सुरुवात झाली.

एकदा हात ओळखता आला, की बाकीची चित्रं दिसायला लागली. आधी मेणबत्तीची, रात्रीची चित्रं सापडली. मग दिवसाच्या उजेडातली चित्रंही याचीच असल्याचं लक्षात आलं. १९३४ मध्ये पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात सतराव्या शतकातल्या वास्तववादी फ्रेंच चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. त्यात ला तूरची तेरा चित्रं एकत्र मांडली होती. सामान्य लोकांनी त्याला पहिल्यांदा 'ला तूर' म्हणून बघितलं ते तिथे. १९७२ मध्ये त्याच ठिकाणी त्याचं एकट्याचं प्रदर्शन झालं.

अशा चित्रकाराच्या बाबतीत प्रदर्शनाचं महत्त्व जास्त असतं ते यामुळेच. चित्रं वेगवेगळ्या देशांत असतील, तर फोटो बघून फक्त अंदाज बांधता येतो. शेजारीशेजारी टांगली, की कळतं कुठली बोटं एकाच हाताने काढली आहेत आणि कुठली नाहीत. अभ्यासकांसाठी अशी भिंत म्हणजे ओळखपरेडच असते.

त्याच्या चित्रात असं आहे काय?

लाईट गेल्यावर घरात मेणबत्ती लावली की काय होतं, आठवून बघा. खोली लहान होते. कोपरे गायब होतात. समोरच्या माणसाचा चेहरा अर्धाच दिसतो, आणि सगळे आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. ला तूरने नेमकं हेच रंगवलं.

त्याच्याआधी इटलीत काराव्हाज्जोने काळ्याकुट्ट अंधारात झोत टाकल्यासारखा प्रकाश आणला होता आणि युरोपभर त्याची लाट आली होती. पण काराव्हाज्जोच्या चित्रात उजेड बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेरून येतो, आणि आत झटापट, आरडाओरडा चाललेला असतो. ला तूरच्या रात्रीच्या चित्रांत उजेडाचा उगम चित्रातच असतो. एक मेणबत्ती, एखादा दिवा, फुंकर घातलेला निखारा. आणि आत कुणीच ओरडत नाही.

लूव्रमध्ये त्याचं 'सुतार संत जोसेफ' आहे. म्हातारा जोसेफ वाकून गिरमिटाने लाकडाला भोक पाडतोय. समोर छोटा येशू मेणबत्ती धरून बसलाय. ज्योतीसमोर त्याने हात धरलाय आणि बोटांतून उजेड आरपार येतोय, बोटं लालसर दिसतायत. डोक्यामागे प्रभावळ नाही, पंख नाहीत, ढग नाहीत. बायबल माहीत नसेल तर तुम्ही म्हणाल, रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या बापाला पोरगं उजेड दाखवतंय. रेनच्या 'नवजात बाळा'चंही तसंच. ती मेरी आणि येशू आहेत की गावातली कुठलीही बाळंतीण, यावर आजही चर्चा होते. चित्रात पुरावा दोन्ही बाजूंनी पुरा पडत नाही.

आणि सगळंच काही पवित्र नाही. नान्सीमध्ये असलेल्या एका चित्रात एक बाई मेणबत्तीच्या उजेडात बसून अंगावरची पिसू नखात चिरडते आहे. बर्लिनच्या चित्रात एक म्हातारा आणि एक म्हातारी वाडग्यातून वाटाणे खातायत. चारशे वर्षांपूर्वी एवढ्या बारकाईने एवढं साधं काही रंगवावंसं वाटणं, हीच विशेष गोष्ट आहे.

गरिबांचा चित्रकार, पण माणूस कसा?

इथे गोष्ट थोडी कडवट होते.

चित्रं बघून वाटतं, हा माणूस किती हळवा असेल. आंधळा वादक, वाटाणे खाणारी म्हातारी जोडी यांच्याकडे त्याने केवढ्या मायेने बघितलंय. पण ल्युनेव्हिलची दप्तरं वेगळंच सांगतात. गाव युद्धाने आणि दुष्काळाने पिचलेलं असताना ला तूर कर भरायला नकार देत होता, कारण त्याच्याकडे करमाफीचा कागद होता. १६४६ मध्ये गावकऱ्यांनी ड्यूककडे तक्रार अर्ज केला. त्यात त्याचंही नाव होतं. गाऱ्हाणं असं, की हा चित्रकार गावचा मालक असल्यासारखा कुत्र्यांचा ताफा बाळगतो. ती कुत्री उभ्या पिकात सशांमागे धावतात आणि शेताची नासाडी करतात.

आता या दोन गोष्टींची सांगड कशी घालायची? काही जण म्हणतात, चित्रं वेगळी, माणूस वेगळा. काही जण आठवण करून देतात, की तक्रार अर्ज हा एका बाजूचा कागद असतो. पण एक गोष्ट पक्की आहे. त्याच्या स्वभावाबद्दल जे थोडंफार कळतं, ते बरंचसं अशाच कागदांमधून. त्याचं स्वतःचं असं एकही पत्र नाही, ज्यात तो आपल्या कलेबद्दल बोलतो. म्हणून त्याच्या चित्रांवरून त्याला संत ठरवणं जितकं घाईचं, तितकंच या कागदांवरून चित्रांना खोटं ठरवणं घाईचं.

पाटी वाचायची कशी?

अशा प्रदर्शनात चित्राशेजारची पाटी नीट वाचली तर अर्धी गोष्ट तिथेच कळते. नुसतं चित्रकाराचं नाव असेल, तर तज्ज्ञांच्या मते चित्र त्याच्या हातचं आहे. 'यांचं असावं' असं लिहिलं असेल, तर खात्री कमी आहे. 'यांच्या कार्यशाळेतलं' म्हणजे हाताखालच्या लोकांनी काढलेलं, कदाचित गुरूने शेवटचा हात फिरवलेलं. आणि 'यांच्या चित्रावरून' म्हणजे नक्कल.

ला तूरच्या बाबतीत नकलासुद्धा मोलाच्या आहेत. बाणाने जखमी झालेल्या संत सेबास्टियनची आयरीन शुश्रूषा करते, असं त्याचं एक आडवं चित्र होतं. मूळ चित्र हरवलं. आज ते आपल्याला माहीत आहे ते फक्त नकलांमुळे.

वादही कमी झाले नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९६० मध्ये त्याचं 'भविष्य सांगणारी' विकत घेतलं. भविष्य ऐकण्यात गुंगलेल्या एका श्रीमंत पोराचा खिसा बाकीच्या बायका कापतायत, असं ते चित्र. एवढं मोलाचं चित्र देशाबाहेर गेलंच कसं, म्हणून फ्रान्समध्ये गदारोळ झाला. पुढे काही टीकाकार म्हणाले, हे चित्र बनावट आहे. एका बाईच्या कपड्याच्या किनारीवर चक्क फ्रेंच शिवी वाचता येते, असाही दावा झाला. संग्रहालय मात्र ते ला तूरचंच चित्र मानतं आणि तसंच लावतं.

चुकीची पाटी ही आपल्याकडचीही गोष्ट

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये एक प्रसिद्ध चित्र आहे. साडी नेसलेली एक मुलगी हातात दिवा घेऊन उभी आहे. तिने ज्योतीला हाताचा आडोसा केलाय आणि बोटांमधून उजेड झिरपतोय. कॅलेंडरांवर, फॉरवर्डमध्ये हे चित्र कित्येकदा राजा रविवर्म्याच्या नावाने फिरतं. प्रत्यक्षात ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं जलरंगातलं काम आहे, आणि चित्रातली मुलगी म्हणजे त्यांचीच लेक.

हळदणकर आणि ला तूर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांच्या बाबतीत झालं ते सारखंच. चित्र आवडलं, की लोक त्याला आपल्या ओळखीचं मोठं नाव चिकटवून मोकळे होतात. फरक इतकाच, की ला तूरच्या वेळी ती पाटी बदलायला कित्येक पिढ्या लागल्या, आणि हळदणकरांचं नाव शोधायला आज एक मिनिट पुरतं. पुढच्या वेळी ते चित्र कुणी चुकीच्या नावाने पाठवलं, तर खाली बरोबर नाव लिहिता येईल.

शोध अजून संपलेला नाही

१९९३ मध्ये ला तूरचा तरुण 'वाळवंटातला संत जॉन' उजेडात आला. तोवर त्या चित्राबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. त्याच्या जन्मगावाने, विक-सुर-सेयने, ते आपल्याकडे राहावं म्हणून संग्रहालय उभारलं आणि ते २००३ मध्ये खुलं झालं. २००५ मध्ये माद्रिदच्या एका सरकारी इमारतीत टांगलेलं पत्र वाचणारा संत जेरोमचं चित्र त्याचंच असल्याचं लक्षात आलं. आता ते प्रादो संग्रहालयात आहे. त्या भिंतीसमोरून रोज किती कर्मचारी ये-जा करत असतील.

आणि काही चित्रं अजून मिळायचीच आहेत. १६४० च्या दशकात लोरेनचा फ्रेंच गव्हर्नर ला फेर्ते याला खूश ठेवण्यासाठी त्याला ला तूरची चित्रं भेट दिली जात. त्याच्या नोंदी शिल्लक आहेत. पण नोंदीतल्या प्रत्येक चित्राची आज सापडलेल्या चित्रांशी जुळणी होत नाही. काही जळाली असतील. काही कुठल्या तरी चर्चमध्ये, जुन्या वाड्यात, एखाद्या कचेरीच्या जिन्यात टांगलेली असू शकतात, दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने.